क्लाराबाईची अंडी

१२ मे

आमच्या कॉलेजच्या सिस्टर मिलाग्रोसने आज झेंड्यासमोर फर्मान काढलं — पाऊस पडेपर्यंत संत क्लारेच्या पुतळ्याच्या पायाशी कुणी अंडी ठेवायची नाहीत! एरवी परीक्षा असो, क्रीडादिन असो, पोरं अंडी ठेवतात आणि ती त्यांना कोरडं आभाळ देते, असा आपला समज. यंदा गावभर भाताची रोपं वाळताहेत, आणि बाई कॉलेजच्या अंगणात ऊन वाटत उभ्या!

माझ्या लायब्ररीच्या खिडकीतून मला तिची ब्राँझची पाठच दिसते. डोक्यावर कबुतरांची कृपा. एवढी वर्षं आमचं दोघींचं जमलं ते त्या पाठीमुळेच.

१४ मे

व्याह्यांकडची मंडळी आली होती. आमच्या लेकीचं, अनालिनचं लग्न तीस तारखेला, कॉलेजच्याच चर्चमध्ये. जेवण अंगणात, क्लाराबाईंसमोर. मी म्हटलं, मांडव घालू. नवरदेवाची आई, मिसेस पारेन्यो, इलोइलो शहरातल्या — "मांडव नको हं, फोटोत आकाश आलं पाहिजे." आणि पाऊस आला तर? "तुमच्या दारातच तर संत क्लारा आहे की!"

माझा नवरा दोल्फो नुसता अनालिनकडे बघत होता. आमची जमीन पावसावरची, कालवा नाही. वाफ्यातली रोपं पिवळी पडलीत. या महिन्यात पाऊस आला नाही तर यंदाचं भात गेलंच. आणि या बाईला आकाश हवंय! अनालिनही म्हणते, "नानाय, एकच दिवस गं. तेवढा कोरडा जाऊ दे." पोरीची मला दया येते. पण मला पाऊस हवा. लग्नाच्या दिवशी आला तरी हवा.

१७ मे

झाडूवाला पहाटेच फाटक उघडून ठेवतो, त्याच्यानंतर कामावर पहिली येते ती मी. आज बघते तर क्लाराबाईंच्या पायाशी अंडी! फर्मान धाब्यावर! हे काम पारेन्योबाईंचंच. त्यांचा ड्रायव्हर रोज पहाटे इकडूनच मासे घेऊन जातो. अंडी सरळ पिशवीत टाकली. "क्लाराबाई, या वयात तुम्हाला सोसायची नाहीत," म्हटलं. घरी येऊन पुडिंग केलं.

१८ मे

पुन्हा अंडी. पुन्हा पुडिंग.

२१ मे

घरच्या कोंबड्यांनी अंडी द्यायचंच सोडलंय. दोल्फो म्हणतो, उन्हामुळे. बरंच झालं म्हणायचं, क्लाराबाईंकडून पुरवठा चालू आहे! सिस्टर मिलाग्रोस लायब्ररीत आली, पुडिंग खाऊन बोटं चाटली. "अंडी कुठून आणता हो इतकी ताजी?" "वरून येतात," मी म्हटलं. खोटं कुठे बोलले?

दोल्फो मात्र हल्ली गोड खात नाही. वाडगा बाजूला सारतो. सुकलाय फार. मला रात्रंदिवस त्याच्या शेताचीच काळजी.

२४ मे

पारेन्योबाईंना फोन केला. राहवलंच नाही. "शहरात अंडी बरीच लागतात वाटतं हल्ली?" त्या म्हणाल्या, "छे, केक आपण तयारच आणणार आहोत." काय निगरगट्ट बाई! आवाज जरासुद्धा हलला नाही.

२७ मे

डोंगरावर ढग. अंडी आज जास्त होती, पारेन्योबाई घाबरल्या असणार. सगळी उचलली. जाता जाता पुतळ्याला बजावलं — लाच पोचलेली नाही, तेव्हा बाई, तुमच्यावर कसलंही बंधन नाही.

३० मे

आला! आला! शेवटचा आशीर्वाद होऊन वरात अंगणात येते न येते तोच कोसळला. भाजलेलं अख्खं डुक्कर चौघांनी उचलून माझ्या लायब्ररीत आणलं आणि ज्ञानकोशांच्या टेबलावर ठेवलं. पारेन्योबाईंचा केशसंभार गालावर उतरला. अनालिन आधी रडली, मग नवऱ्याने तिला उचलून चिखलातून आणलं तेव्हा हसली. पण घोटाभर चिखल त्या पांढऱ्या झग्याला — ते बघून वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

तरी खिडकीशी जाऊन त्या ब्राँझच्या पाठीकडे बघत मनातल्या मनात टाळी दिली. जिंकलो, क्लाराबाई! दोल्फोचं भात वाचलं.

३१ मे

पाऊस चालूच. सगळं गाव शेतात उतरलंय, आणि दोल्फो पायरीवर बसलेला. म्हटलं, अरे जा की, याचीच तर वाट बघत होतास. तो म्हणाला, "रोज पहाटे जायचो गं तिच्याकडे, आपल्या कोंबड्यांची अंडी घेऊन. म्हटलं, बाई, यंदाचं भात गेलं तर जाऊ दे, पोरीला तेवढा एक दिवस ऊन दे. रोज न्यायची ती अंडी. मला वाटलं, कबूल झाली. माझंच काहीतरी चुकलं असणार."

मी त्याच्या शेजारी बसले.