जवळ्यावर फिनेल

हितूदादा,

फोन केला की आई स्पीकर लावते, म्हणून हे पत्र. तिला वाचून दाखवू नकोस. तब्येत ठणठणीत आहे.

तू धाडलेलं जपानी कॉमिक वाचलं आणि खाटेखाली फेकलं. शहरातला पोरगा शेतकी शाळेत जातो, म्हणून म्हणे 'तुझीच गोष्ट'! कसली माझी? त्याला गोठ्यात एकदाच मळमळतं. इथे अकोल्याच्या शेतकी कॉलेजात दिवाळी आली तरी माझ्या अजून घशाशी येतं. वर तो सगळ्यांना जेवू घालतो आणि अख्खी शाळा त्याची दोस्त होते.

म्हटलं, आपणही करून बघू. आईने दिलेला सुका जवळा कांदा, कोकम घालून हॉस्टेलच्या शेगडीवर परतला. माझी रूममेट मृणाली दिवसभर कोपरापर्यंत शेणात असते. ती नाकाला ओढणी लावून ओरडली, "इथं काय मेलं वं?" सगळ्या मजल्याने खिडक्या उघडल्या. वॉर्डनबाईंनी फिनेल मारायला लावलं. जवळ्याच्या वासावर फिनेल, दादा! शी! त्या सगळ्यांची किळस आली, आणि त्या जपान्याची त्याहून जास्त.

बाबांचा गुडघा कसा आहे? आपल्या काळाचौकीच्या गॅलरीतल्या माझ्या कढीपत्त्याला पाणी कोण घालतं?

आईने विचारलं तर सांग, जवळा बोटं चाटून खाल्ला. खोटं नाही ते. फक्त बोटं माझी एकटीचीच होती.

शेणात उभी असलेली तुझी बहीण,
केतकी