अर्जेंटिना हरेपर्यंत

६ सप्टेंबर २००७, संध्याकाळ
शुगर बॉर्डरवर. डॉक्टर म्हणाले, गोड बंद. मनीषाला माझी शपथ हवी होती, तीही थेट दिवाळीपर्यंतची. बायकोला गुंडाळणं सोपं नसतं, पण मी गुंडाळलं. गळ्याला हात लावून म्हणालो, वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिना हरेपर्यंत गोड खाणार नाही. लगेच कबूल झाली. तिला वाटलं फुटबॉलचा, म्हणजे अजून तीन वर्षं तरी गोड बंद. हा रग्बीचा! शेजारचे जीवनराव देवळालीच्या तोफखान्यातून रिटायर झालेले, आर्मीत रग्बी खेळलेले. त्यांच्या मते उद्या पहिल्याच मॅचला यजमान फ्रान्स अर्जेंटिनाला चेपणार. परवा नाश्त्याला जिलेबी.

८ सप्टेंबर
अर्जेंटिना १७, फ्रान्स १२. जीवनराव म्हणतात, अपघात. नाश्त्याला उपमा.

१२ सप्टेंबर
देव्हाऱ्यासमोर जॉर्जियासाठी हात जोडले होते. देवाला जॉर्जिया माहीत नसावा. ३३–३.

१५ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
एकवीस मोदक. एकही खाल्ला नाही. दोन प्रसाद म्हणून घेतले. प्रसाद खात नाहीत, घेतात. शपथ खाण्याची आहे. माणसाने शब्दाला पक्कं असावं.

२३ सप्टेंबर
नामिबियाला ६३–३. फारच मनाला लागलं. साडूकडे दोन वाट्या बासुंदी प्यायलो. बासुंदी पितात.

१ ऑक्टोबर
काल आयर्लंड जिंकावं म्हणून जीवनरावांकडे टीव्हीसमोर बसलो. थोड्या वेळाने बघतो तर मी खुर्चीवर उभा, आणि पाड त्याला, पाड त्याला म्हणून ओरडतोय. ३०–१५. आमची टीम क्वार्टर फायनलला! येताना गुळाची चिक्की चघळली.

८ ऑक्टोबर
स्कॉटलंड गेलं. सेमीफायनल! ही टीम पुढे जाणार हे कॉलनीत फक्त मी ओळखलं होतं. मनीषा म्हणाली, तुम्ही महिनाभर पाळाल असं वाटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. मलाही स्वतःचा अभिमान वाटला. शनिवारी रक्त तपासायला देणार. रिपोर्ट बघून डॉक्टर उठून हात मिळवतील.

१५ ऑक्टोबर
दक्षिण आफ्रिकेने हरवलं. ३७–१३. शपथ सुटली. पंचवटीत जाऊन जिलेबी आणली, पण घशाखाली उतरेना. पोरं फार जीव तोडून खेळली हो. खरंच वाईट वाटलं. चारच खाल्ल्या.

१६ ऑक्टोबर
रिपोर्ट आला. शुगर बॉर्डर ओलांडून कुठल्या कुठे. मनीषाने डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं, सव्वा महिना यांनी गोडाचा कण खाल्ला नाही. डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, इतकं कडक पथ्य पाळून ही अवस्था असेल तर गोळ्यांनी भागायचं नाही. इन्सुलिन, दिवसातून दोनदा. मग मला विचारलं, नक्की काही खाल्लं नाही ना? मनीषा माझ्याकडे बघत होती. इतक्या कौतुकाने लग्नानंतर पहिल्यांदाच.
खाल्लं नाही, असं सांगितलं.
उद्या सकाळपासून इंजेक्शन. तेही खात नाहीत, घेतात.