जुळलं नाही, दादा

१९ मार्च

प्रिय दादा,

"हा कुष्ठरोग हिनेच आणला घरात." वहिनीची ट्रंक दाराबाहेर ठेवताना तू म्हणालास, ते माझ्या कानांतून अजून गेलेलं नाही. म्हणून ख्यालीखुशालीआधी तेच उतरलं. इथे माझ्या घरी वहिनी आणि मी, दोघी बऱ्या आहोत. तुझी कंबर कशी आहे? आईचा गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला, आता चट्टेही पुसट झाले असतील. तिला म्हणावं, चष्मा बदलून घे.

आता मुद्द्याचं. चिमीला तिच्या आईला, वहिनीला, एकदा तरी भेटू दे, असं मी विनवलं की तू म्हणायचास, "आपल्या आईला हिच्यामुळे झालं नाही हे सिद्ध कर तुझ्या प्रयोगशाळेत, मग पोरीला पाठवतो." टोमणाच होता तो. मी मात्र तुझा शब्द धरून बसले. आई आणि वहिनी, दोघीही तपासणीला राजी झाल्या, निकाल तुला कळवायलासुद्धा.

हे जंतू बशीत वाढवता येत नाहीत. कातडीच्या बारीक तुकड्यातून त्यांचा जनुकीय मजकूर काढायचा, आणि ठरावीक जागी तीच अक्षरं किती वेळा परत परत आली आहेत ते पाहायचं. एकीचे जंतू दुसरीला गेले असतील तर हे आकडे बहुतेक जुळतात.

पहिल्यांदा जुळले.

मी फोन केला, तू पहिल्याच रिंगला उचललास. "बघ! मी काय वेडा होतो का इतकी वर्षं?" वहिनी शेजारीच मटार सोलत होती. तुझा आवाज फोनबाहेर येत होता. तिने मान वर केली नाही.

पण ती जुळणी मला जरा जास्तच नेमकी वाटली. आमच्या तंत्रज्ञाला विचारलं, तर त्याने कपाळावर हात मारला. सासू-सुनेचं आडनाव एक, आद्याक्षर एक. त्याने आईचीच नळी दोनदा लावली होती. "मॅडम, एका घरातले नमुने आले की माझा हा घोळ होतोच." मी ओरडणार होते, पण ओरडले नाही. त्याने निदान चूक झाल्याचं मान्य केलं, आणि नमुने नव्याने लावले.

आकडे वेगळे आले. एकाच नाही, बऱ्याच जागी. आई कामाला जायची त्या शिवणकारखान्यातल्या दोघींचे नमुनेही आमच्याकडे आहेत, आईचे जंतू त्यांच्याशी जुळतात. कुणी कुणाला दिले ते यावरून कळत नाही. पण वहिनीकडून आईला गेले, असं म्हणायला आता जागा नाही.

हे सांगायला फोन करते आहे तर तू उचलत नाहीस. चुकीचा निकाल ऐकायला तयार, बरोबर निकालाला तुझ्याकडे रेंज नाही! शेवटी शेजारणीच्या फोनवर आईला गाठलं. ती म्हणाली, "मग मी इतकी वर्षं कुणाला शिव्या घातल्या गं?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस? तिला विचार."

एक गोष्ट लिहायची नाही असं वहिनीने मला बजावलं होतं, पण आता राहवत नाही. नियमित गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, थोड्याच दिवसांत त्याचं पसरणंही थांबतं, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. आणि शेजारपाजारी कळेल म्हणून तू तिला दवाखान्यात परत जाऊच दिलं नाहीस. तिची दोन बोटं वाकली आहेत ती तुझ्या अब्रूपायी. काल तिने तापलेलं पातेलं उघड्या हाताने उचललं. हात भाजतोय हे तिला वासावरून कळलं.

कसली रे अट होती ती? जुळलं असतं तर काय, चिमीची आई तिची आई राहिली नसती? आणि कारखान्यातल्या त्या दोघींनाही आता घराबाहेर काढायचं का?

तो निकाल ठेव बाजूला. उलटा आला असता तरी मी हेच मागितलं असतं. येत्या रविवारी चिमीला पाठव. निघताना तिला तुझ्या तोंडाने सांग, की आई तिला टाकून गेली नव्हती, तू काढलं होतंस. तू नाहीच म्हणशील, मी तुला ओळखते. तरीही मागते आहे.

वहिनीला अजून वहिनीच म्हणणारी,
तुझी धाकटी बहीण