बायडाबाईची गोळी

जत, मार्च १९७७

तीर्थरूप आईस, तुझ्या कौशीचा जयभीम.

मी मजेत हाय, दोन वेळ पोटभर जेवती. येड्यांच्या डॉक्टरबरोबर गावोगाव हिंडणाऱ्या नर्सला कोण सून करून घेणार, ही काळजी सोड.

"घरात कुणी मनानं आजारी हाय का?" असं आमी दारोदार विचारतो. समदी म्हणत्यात, "आमच्यात न्हाई, शेजारी बघा." शेजारी आमाला परत त्याच घरी धाडत्यात.

एका घरी मात्र बायडाबाई भेटली. दोन वर्षं भिंतीकडं तोंड करून गप बसलेली. तिचा नवरा आकाराम देवरुषी करून दमला हुता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मी रोज जाऊन शेजारी बसायची.

महिन्याभरानं आकाराम पळतच दवाखान्यात आला. "बाई, गोळी जरा कमी करा! सकाळपास्नं बोलतीया. मी कवा काय चुकलो, समदं तिच्या ध्यानात हाय!"

आमी हसलो. त्योबी हसला, आणि हसता हसता रडाय लागला.

आई, मावशी अजून चुलीपाशी तशीच गप बसती का? लोक काय म्हणतील ते म्हणू देत. रविवारच्या एष्टीनं मी खंडाळ्याला येती आणि तिला इकडं घेऊन येती. तुझ्याशी कडाकडा भांडाय लागली, की मगच परत पाठवीन.

तुझी,
कौशी