उरलेल्या गोळ्यांचा बाजार

तीर्थरूप दादा,

धाकटीचा नमस्कार. (गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा साष्टांग घातला असं समजून आशीर्वाद दे.) तब्येत कशी आहे? खोकला गेला का? आणि झोप? गोळी न घेता लागते का, असं विचारतेय मी. वहिनी गेली तेव्हा डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेली ती गोळी तू वर्ष झालं तरी सोडलेली नाहीस, हल्ली दुपारीही घेतोस, आणि पुरत नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडूनही लिहून आणतोस, हे सगळं तुझ्या लेकीने मला फोनवर सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. माझ्यावर चीड, मला सवय आहे.

आता इकडचं ऐक. तुझी बहीण आमच्या वस्तीतल्या नशामुक्ती समितीची अध्यक्ष झाली. हसू नकोस. सभेत माइक बंद पडला आणि माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला, एवढीच माझी पात्रता. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, की पोरं नशेसाठी आधी घरातल्याच कपाटात हात घालतात; कुणाच्या ऑपरेशननंतर उरलेल्या दुखण्याच्या गोळ्या, अर्धी राहिलेली खोकल्याची बाटली. मला ते इतकं पटलं, की मी तिथल्या तिथे जाहीर केलं: रविवारी सगळ्यांनी उरलेली औषधं हॉलमध्ये आणून द्यायची, आमचा औषधवाला ती नीट नष्ट करायला नेईल.

रविवारी ही गर्दी! मला तर भरूनच आलं. पिशव्या काय, बरण्या काय, एका गृहस्थांनी तर टेबलाचा अख्खा खणच उपसून आणला. (त्यात एक कवळी निघाली. कुणाची ते अजून कळलेलं नाही.) औषधवाल्याला बघायला सोपं जावं म्हणून मी सगळं लांबलचक टेबलावर मांडायला लावलं आणि तिथेच फसले. आपल्या माणसांना काही मांडलेलं दिसलं, की ती निवडायला लागतात रे! शिंपीणबाईंना त्यांच्या गुडघ्याचीच गोळी सापडली. शेजारच्या काकूंनी पित्ताच्या देऊन सर्दीच्या घेतल्या. राखणीला बसवलेले आमचे खजिनदार, ज्यांना काही वाया गेलेलं बघवत नाही, ते तारीख उलटलेली पाकिटं दाखवून, अहो कंपनीवाले तारीख उगाच घालतात, असं समजावत होते. औषधवाला कपाळाला हात लावून बसला. मी घसा फोडून ओरडले, तर रस्त्यावरची माणसंही आत आली. त्यांना वाटलं, फुकट वाटप चाललंय. शेवटी टेबलावर कवळी उरली आणि मी आणलेलं मलम. मलमही नंतर गेलं.

त्या गोंधळात एक आजी झोपेच्या गोळ्यांचं पाकीट गुपचूप पर्समध्ये टाकत होत्या. मी मनगट धरलं. त्या भांडल्या नाहीत. जेवण झालं की घरात बोलायला कुणी नसतं, मग जागून करायचं काय, एवढंच म्हणाल्या. दादा, मला तिथे तूच दिसलास आणि मी, मीसुद्धा, हळू आवाजात त्यांना घरी चहाला बोलावलं. आता त्या रोज संध्याकाळी माझ्याकडे येतात आणि इतकं बोलतात, की झोप मलाच येते. बाकी सगळं ठीक.

तुझी,
धाकटी (हल्ली अध्यक्ष)

ता. क. पुढच्या महिन्यात पुन्हा औषधं गोळा करायची आहेत. टेबलापाशी खमका माणूस हवा. लहानपणी माझ्याकडून घेतलेली एकही वस्तू तू कधी परत दिली नाहीस, तेव्हा तुझ्याइतका लायक माणूस मला दिसत नाही. चांगला दोन-तीन महिने राहायला ये.

आणखी एक. येताना गोळ्या आण. सगळ्या, गादीखालच्यासुद्धा. एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात, असं औषधवाला म्हणतो. इथल्या डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ. मला भीती वाटते रे. वहिनी गेली, आता तूही असा झोपेतच राहिलास तर मी भांडू कुणाशी?

आणि हे शेवटचं. पत्र पोस्टाने न पाठवता तुझ्या लेकीकडे मुद्दाम दिलंय. नाही म्हणायच्या आधी जरा मान वर करून बघ. ती अजून समोरच उभी असेल, आणि तिच्या हातातली बॅग तुझी आहे.