कॅनडाहून आलेला गोडा मसाला

चंडीगड, सेक्टर ४४
१० जून २०२४

ती. स्व. पद्मिनीअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गोडा मसाल्याचा डबा पोचला. उघडल्याबरोबर जिन्यापर्यंत घमघमाट गेला.

पण आमच्या घरच्या साहेबांना इथल्या महाराष्ट्र मंडळाने दिवाळीत भाषणाला बोलावलंय. विषय : जागतिक बाजारपेठ आणि विकसनशील देश. तेव्हापासून दूध संपलं म्हटलं तरी ते पुरवठा खंडित झाला म्हणतात. तुझा डबा बघून म्हणाले, हेच आपल्या देशाचं दुखणं. बिस्किटांचा जुना डबा, वर सुतळी, ना लेबल ना दर्जा, जगात कोण विचारणार? उद्यापासून आमटीत पाकिटातला मसाला!

मी तणतणत डबा खाली घरमालकीण हरजीत आंटींना देऊन आले. त्यांनी तो राजम्यात घातला आणि वर येऊन मला कडकडून मिठी मारली. उरलेला त्यांची लेक जसलीन कॅनडाला घेऊन गेली.

यंदाही कराडला येणं जमत नाही गं. साहेबांना सुट्टी नाही. रुसू नकोस. आहे तो जिव्हाळा आटू देऊ नकोस.

तुझी,
मीनाक्षी

कराड
२२ जून २०२४

चि. सौ. मीनाक्षीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या मसाल्याला दर्जा नाही? लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा हेच गृहस्थ आमटीची वाटी तोंडाला लावून बसले होते. त्यांना सांग, कारखाना आजपासून बंद. दगडफूल, खोबरं, तीळ, सगळं विसरा.

आणि सुट्टी नाही हे मी आता तिसऱ्या वर्षी ऐकतेय. तुझी जाई फोनवर मौसीजी, इस बार पक्का म्हणते. पोरीला पक्का म्हणजे काय ते तरी शिकव. मला मसाल्याचं एवढं नाही, तुला बघावंसं वाटतं. उन्हात फिरू नकोस, आणि अक्काचा राग फार मनावर घेऊ नकोस.

तुझी,
अक्का

चंडीगड
४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हसू नकोस, आधी बसून घे. हरजीत आंटींनी दिवाळीला साहेबांना कॅनडाची भेट दिली. काजळाच्या डबीपेक्षा जराशी मोठी काचेची बाटली, सोनेरी झाकण, लेबलवर बर्फाचा डोंगर. आत मसाला. जसलीन तिकडे विकते म्हणे.

मी झाकण उघडताच ओळखलं. आंटींनी मला डोळा मारला. साहेबांनी आमटीत चिमूटभर टाकला आणि डोळे मिटून घेतले. म्हणाले, याला म्हणतात भाजणी! थंड हवेतल्या माणसांचा हात निराळाच. मग मंडळात बाटली उंच धरून भाषण ठोकलं, की पद्मिनीताईंसारख्यांनी यातून शिकावं. मी पहिल्या रांगेत पदर तोंडात कोंबून बसले होते.

आता बाटली शोकेसमध्ये आहे आणि किल्ली त्यांच्या खिशात. खरं सांगू का त्यांना? कळव, आणि बहिणीवर लोभ ठेव.

तुझी,
मीनाक्षी

चंडीगड
१६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सौ. पद्मिनीताईंस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, बाटली संपली. मी जसलीनकडे आणखी सहा बाटल्या मागवल्या. तिचं उत्तर आलं की माल शिल्लक नाही. मूळ उत्पादक कराड येथील असून त्यांनी कारखाना बंद केला आहे. ही बातमी हरजीत आंटींनी मंडळात जाऊन सांगितली. अध्यक्ष मला आता कॅनडावाले म्हणून हाक मारतात.

ताई, चुकलो. कच्चा माल आपला आणि झाकण त्यांचं, हेच तर मी भाषणात सांगत होतो. फक्त उदाहरण माझ्याच घरात आहे हे कळलं नाही. आमटी बेचव झाली आहे. मीनाक्षी नुसती हसते. एक डबा पाठवावा, सुतळीसकट. मेहुण्यावरची माया आखडती घेऊ नये.

आपला,
सदाशिव

कराड
२५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मीनाक्षीस,
अ. उ. आ.

हे पत्र साहेबांना मोठ्याने वाचून दाखव.

निर्यात बंद आहे. टपाल नाही, कुरिअर नाही. मसाला हवा असेल त्याने एप्रिलमध्ये बायको आणि मुलीला घेऊन कराडला यावं आणि आठ दिवस राहावं. मिरच्या जागतिक दर्जाच्या माणसाने स्वतः भाजायच्या. शिंका आल्या तरी परातीकडे तोंड करायचं नाही. डबा बिस्किटांचाच मिळेल. तिकिटं काढल्याचं कळवावं.

इथपर्यंत वाच. पुढचं मनात.

मसाला मी गेल्या जूनमध्येच केला होता, तुला रागाचं पत्र टाकलं त्याच आठवड्यात. दोन डबे काठोकाठ भरून फळीवर आहेत. टंचाई नसती तर तुझे साहेब हलले असते का? तिकिटं हातात पडेपर्यंत ब्र काढू नकोस. माडीवरच्या खोलीत तुझी गादी उन्हाला घातली आहे. ये गं लवकर.

वाट बघणारी,
अक्का