पाटीची ओळ

एकलहरे, डिसेंबर १९८४

प्रिय शकू,

तुला नि जावईबापूंना जय भीम. मनासारखं लग्न केलंस म्हणून बाबांनी दार लावलं, आणि तूही पुन्हा फिरकली नाहीस. बापाचाच हट्ट उचललास, दुसरं काय!

इथली खबर अशी, की तुझे बाबा विसरायला लागलेत. आधी चष्मा, मग पॉवर हाऊसमधल्या सोबत्यांची नावं, आता मी. मला ते बाई म्हणतात, तेही अहोजाहो करून. एवढा मान तर लग्नातही मिळाला नव्हता. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, औषध नाही. जेवायला बसवलं की ताट सारायचे. एकदा भाकरी थापताना मी सवयीनं त्यांचंच जलशातलं जुनं गाणं गुणगुणले, तर हे ताठ बसले, ताटावर ठेका धरला आणि खड्या आवाजात पुढचं कडवं! एक शब्द चुकला नाही. त्या दिवशी पोटभर जेवले. तेव्हापासून आमचं जेवण म्हणजे जलसाच. शेजारचा केरू ढोलकी घेऊन येतो नि माझं कालवण चापून जातो.

पण शाळेच्या पाटीचं गाणं आलं की घोडं अडतं. आठवतं ना? जयंतीच्या स्टेजवर दोन वेण्या घातलेली तू मधेच उठून विचारायचीस, ‘बाबा, माझी पाटी कुठंय?’ मग ते ‘घे गं लेकी’ म्हणत पुढचं उचलायचे. आता तिथं आले की गप्प होतात. दाराकडे बघतात. केरूनं तुझी ओळ म्हटली, तर ढोलकीवर हात ठेवून त्याला थांबवलं. मी म्हटली, तर हसले. “बाई, ही तुमची जागा नाय. पोरगी येऊ द्या.” घास तसाच हातात राहतो.

तुझं नाव विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. भांडण तर कधीच पुसलं गेलं. पण तुझ्यासाठी गाणं थांबवून बसतात, शकू, आणि मला ते बघवत नाही.

गेल्या आठवड्यात एकदा ते थांबलेच नाहीत. तुझी ओळ सोडून सरळ पुढे गेले. मी पातेलं खाली ठेवलं आणि रडले. म्हणून हे पत्र. काल पुन्हा थांबले. अजून थांबतात तोवर ये. ओळखलं नाही तर दारात रडत उभी राहू नकोस. चपला काढ, आत ये, आणि आधी आपली ओळ म्हण.

तुझीच वाट बघणारी,
आई